संतप्त गावकरी मिळतील

मी गर्दी पुरवते. शहागंजात कुणी भाजी विकतं, कुणी कुलपं दुरुस्त करतं, तशी मी माणसं देते. सांगाल त्या वयाची, सांगाल त्या कपड्यातली, वेळेवर. सिनेमावाले मला ज्युनिअर आर्टिस्ट सप्लायर म्हणतात, कारण इंग्रजी नाव दिल्याशिवाय त्यांना कुठलंच काम पचत नाही. गल्लीत मला गर्दीवाली मावशी म्हणतात. लग्नातली गर्दी, मयतीतली गर्दी, बाजारातली, मोर्चातली, सगळी माझ्याकडं मिळते. एकमेकांना शिव्या देणाऱ्या दोन पक्षांच्या सभांना मी एकाच आठवड्यात त्याच बाया नेल्या आहेत. बायांनी दोन्हीकडं मनापासून टाळ्या वाजवल्या. एकीनं गडबडीत कालच्या सभेची घोषणा दिली, पण स्टेजवर कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

बाहेरच्याला वाटतं, यात काय मोठं, माणसं गोळा करायची आणि गाडीत कोंबायची. तसं नसतं. पांढरी साडी चालत नाही, कॅमेऱ्यात चकाकते. काल जी साडी नेसली तीच आज पाहिजे, नाहीतर सिनेमात बाई चुलीपुढून उठते एका साडीत आणि दारात येते दुसऱ्या साडीत. कॅमेऱ्याकडं बघायचं नाही, हे शंभरदा सांगावं लागतं. जेवण उशिरा आलं तर लग्नाच्या वऱ्हाडाचा मोर्चा व्हायला वेळ लागत नाही. रडणारी गर्दी सगळ्यात सोपी. आमच्या बायांना रडायला शिकवावं लागत नाही, ‘कट’ म्हटल्यावर थांबवावं लागतं.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. लासूर स्टेशनचे एक अडतवाले शेठ होते, हौसेखातर यायचे. त्यांना फक्त पडद्यावर दिसायचं होतं. मयतीच्या सीनमध्ये मी त्यांना मागच्या रांगेत उभं केलं, तर हळूहळू सरकत सरकत ते पुढं आले आणि तिरडीला खांदा देऊन मोकळे झाले. दिग्दर्शकानं विचारलं, हे कोण? शेठ म्हणाले, “मी मयताचा थोरला भाऊ.” कथेत मयताला भाऊच नव्हता.

आणि एकदा एक पोरगा आणि पोरगी आले होते. दोघांनी रजिस्टर लग्न ठरवलं होतं, दोन्ही घरांनी पाठ फिरवलेली. पोरगी म्हणाली, “मावशी, फोटोत आमच्या मागं कुणीतरी पाहिजे. मामा, मावशी, काकू, असे.” मी नेले. मामा म्हणून आमच्या गल्लीतला गणपत दिला, सायकलच्या दुकानात पंक्चर काढतो. त्यानं फेटा बांधला आणि पोरीच्या पाठवणीला असा रडला की फोटोग्राफरसुद्धा थांबला. ते लग्न झाल्यापासून गणपत दर दिवाळीला तिच्याकडं फराळाला जातो. माझ्या धंद्यात माझ्या हातून झालेली ही एकमेव समाजसेवा, आणि ती करताना मला ते कळलंही नव्हतं.

पण सांगायचं आहे ते एका सिनेमाचं.

पुण्याहून एक तरुण दिग्दर्शक आले होते. दाढी, खादीचा कुर्ता, गळ्यात शबनम पिशवी. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायचे. सिनेमा जातीबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरीचा होता. पोरगी शेतकऱ्याची, जमीनदार घरातली; पोरगा बौद्ध. लग्न करून दोघं पोरीच्या दारात येतात, आई तोंडावर दार लावते, मग गाव चाल करून येतं. सरांनी मला समोर बसवून समजावलं, “ताई, आपल्या समाजात जात नावाचं एक भयंकर वास्तव आहे.”

माझ्या आजोबांनी बाबासाहेबांच्या मागं जाऊन धम्म स्वीकारला, कारण गावच्या पाणवठ्यानं त्यांना या वास्तवाची चांगली ओळख करून दिली होती. पण सर इतक्या कळवळ्यानं सांगत होते, की त्यांचा विरस करावासा वाटला नाही. मी म्हटलं, “हो का?”

शूटिंग देवगाव रंगारीच्या पुढच्या एका गावात होतं. नाव सांगत नाही, तिथं माझं अजून जाणं-येणं आहे. मारायला येणारं गाव म्हणून मी गावातलीच माणसं घ्यायची ठरवली. चेहरे खरे, पागोटी खरी, काठ्या घरच्या. चावडीवर सगळे जमले, गोष्ट ऐकली आणि एकेक जण मान हलवायला लागला. एक म्हातारे म्हणाले, “आमच्या गावात आसलं काय नस्तंय बाई. आमच्याकडं जातपात नाय. सगळे मिळून-मिसळून ऱ्हातेत.” त्यांच्या पाठीमागंच मिळून-मिसळून राहणाऱ्या गावाच्या दोन पाण्याच्या टाक्या दिसत होत्या, एक मोठी आणि एक वस्तीकडची. मारणारे व्हायला कुणीच तयार होईना. सगळ्यांना पोरापोरीला वाचवणारे गावकरी व्हायचं होतं. सरांच्या कथेत तसे गावकरीच नव्हते.

आमचा गाडीवाला सलीमभाई शहागंजातला. त्यानं हे सगळं बघितलं आणि म्हणाला, “मावशी, इनो मारनेकू तैयार नै, गाली खानेकू बी तैयार नै. फिर पिच्चर कैसी बनती? अपने मोहल्लेके पोट्टे लाऊं?”

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली पोरं आली. सगळी बौद्ध घरची, जिमला जाणारी, दणकट. त्यांना पागोटी बांधली, मिशा चिकटवल्या, हातात काठ्या दिल्या. मार खाणारा नायक मुंबईचा, चांगला गोरापान, वरच्या जातीतला पोरगा होता. तो दलित दिसावा म्हणून मेकअपवाला सकाळपासून त्याला काळं करत बसला होता. आमचा एक पोरगा माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “मावशी, आपण नेमकं कुणाला मारायलोय?” मी म्हटलं, “आपल्यालाच. गुमान मार, आणि कॅमेऱ्याकडं बघू नको.” पोरांनी इतकं मन लावून काम केलं, की बघायला जमलेलं खरं गाव हळहळलं. म्हातारे बाबा म्हणाले, “लई वंगाळ. आसं करू नये मानसानं.”

ज्या घरी शूटिंग होतं ते भाऊसाहेबांचं. गावातले मोठे जमीनवाले, घर दगडी, पुढं ओटा, दाराला पितळी कड्या. माणूस वागायला गोड. चहा सगळ्यांना आला, कागदी कपातून. कागदी कपानं आपल्याकडं समाजसुधारणेचं मोठं काम केलं आहे. कुणाला कुठला कप द्यायचा हा प्रश्नच राहत नाही, आणि पिणाऱ्यालाही शंका घ्यायला जागा उरत नाही. त्यांची बायको सुमनबाई तो चहा घेऊन बाहेर आली आणि सर उठून उभेच राहिले. “हा चेहरा! आई हीच.” मुंबईहून आईचं काम करायला आलेली नटी तिथंच बसली होती. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला.

भाऊसाहेबांना सांगितलं, काम छोटंसं आहे, बोलायचं काही नाही. दार उघडायचं, पोरीकडं बघायचं, दार लावायचं. भाऊसाहेब हसले. म्हणाले, “यवडंच व्हय? ते तर तिला येतं.”

का येतं, ते मला दुपारी कळलं. भांडी घासायला आलेल्या बाईनं सांगितलं. भाऊसाहेबांची एकुलती एक पोरगी वैशाली, शहरात शिकली, वाळूजच्या कंपनीत लागली. तिथं तिनं बरोबरच्या नागसेन नावाच्या पोराशी लग्न केलं. पोरगा बौद्ध. लग्न करून दोघं पाया पडायला आले, तर भाऊसाहेबांनी ह्याच दारातून परत पाठवलं आणि पोरीच्या नावानं आंघोळ केली. मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. सुमनबाईलाही करायला लावली. त्याला चार वर्षं झाली होती. वैशालीला पोरगी झाली होती, पण सुमनबाईनं नातीचं तोंड बघितलं नव्हतं. सगळ्या गावाला हे माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त जातीच्या वास्तवाचा अभ्यास करून आलेल्या आमच्या सरांना.

मी सरांकडं गेले आणि म्हटलं, ह्या बाईला नका घेऊ. कारणही सांगितलं. मला वाटलं, माणूस हलेल. सर हलले, पण भलतीकडं. डोळे चमकले त्यांचे. “ताई, म्हणजे हे सगळं तिच्या आत आहे! फक्त बाहेर काढायचंय.” विहिरीतून मोटरनं पाणी काढायचं असतं ना, तसं म्हणाले.

शॉट लागला. नायक-नायिका दारात, गळ्यात हार. सगळं गाव कॅमेऱ्यामागं. भाऊसाहेब खुर्ची टाकून बसलेले. ‘ॲक्शन’ झालं. सुमनबाईनं दार उघडलं, पोरीकडं बघितलं. बघतच राहिली. मग म्हणाली, “थांबा हं, आत येऊ नका.” आणि लगबगीनं आत गेली. आम्हाला काही कळेना. ती परत आली ती एका हातात भाकरीचा तुकडा आणि दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या घेऊन. नवं जोडपं दारात आलं की आपल्याकडं भाकरतुकडा ओवाळून टाकतात, दृष्ट निघून जावी म्हणून, आणि मगच आत घेतात. तिनं दोघांवरून ओवाळला, लांब फेकला, दोघांच्या डोळ्यांना पाणी लावलं आणि नायिकेला म्हणाली, “ये बाई. उजवा पाय म्होरं.”

“कट!” सर ओरडले. युनिटमधली पोरं हसायला लागली. गाव हसलं नाही.

सरांनी विचारलं, हे काय केलंत? सुमनबाई खाली बघून म्हणाली, “दारात जोडा उभा हाय साहेब. तसंच कसं दार लावायचं? मला ध्यानातच ऱ्हायलं नाय.” सरांनी परत समजावलं. परत शॉट लागला. ह्या वेळी भाकरी मी स्वतः आत जाऊन लपवून ठेवली होती. सुमनबाईनं दार उघडलं, बघितलं, आणि हात कडीला लावून उभी राहिली. दार काही हलायचं नाही. सर तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हणाले, “कल्पना करा, तुमच्या मुलीनं तुमच्या मनाविरुद्ध लग्न केलंय.” मागं कुणीतरी खाकरलं. एक म्हातारी पदर तोंडाला लावून निघून गेली.

भाऊसाहेबांचा धीर सुटला. गावादेखत घराची अब्रू चालली होती, आणि त्यांच्या मते ती दार न लावल्यामुळं चालली होती. खुर्चीतून उठून म्हणाले, “अगं, दार लावायला काय लागतंय? चार वर्सं लावलंच हाय की.”

सुमनबाईनं तोंड वर केलं. इतकं शांत बोलली की मागच्यांना ऐकू आलं नसेल. “ते दार तुमी लावलं. मी फकस्त आत व्हते.”

आणि पदर सावरून ती स्वयंपाकघरात गेली. सर कॅमेरामनला विचारत होते, “घेतलंस? हे घेतलंस?” कॅमेरा बंद होता. सरांना त्याचं इतकं दुःख झालं, की दुपारचं जेवण त्यांनी घेतलं नाही.

शॉट तर पाहिजे होता. शेवटी ठरलं, सुमनबाईचा चेहरा घेतलाच आहे. दार लावताना नुसता हात दाखवू. मुंबईची नटी रुसून देवगावला चहा प्यायला गेली होती. वयाची बाई जवळ मीच. सुमनबाईच्या हिरव्या बांगड्या साबण लावून माझ्या हातात चढवल्या. बांगड्या तीच घालत होती, आणि घालता घालता मान वर न करता म्हणाली, “ताई, पिच्चर शहरात लागंल ना? लागला की वैशालीला सांगताल का? मी येईन. पिच्चर बघायला येऊ देतील मला.” वैशालीचा नंबर तिला तोंडपाठ होता. लावला कधी नव्हता.

मग मेकअपवाला आला. माझा हात त्याला काळा वाटला. सकाळी नायकाला काळं करून उरलेला दिवस त्यानं माझ्या हाताला गोरं करण्यात घालवला. आणि पितळी कडी धरून मी भाऊसाहेबांचं दार लावलं. एका टेकमध्ये. सर म्हणाले, “वा ताई, काय तोडलंय!” मला मुळीच अभिमान वाटला नाही. ते दार जड होतं आणि लागताना त्याचा जो आवाज झाला तो मला आवडला नाही.

सिनेमा परदेशात गाजला. तिकडच्या लोकांना आपली दारं लागलेली फार आवडतात. बक्षिसं घेऊन तो आमच्या शहरात आला, तेव्हा त्याला सकाळचा एकच खेळ मिळाला. भाऊसाहेब दोन जीपा भरून गाव घेऊन आले. ‘आपल्या घराचा पिच्चर’ म्हणून. मी वैशालीला फोन केलेला होता. नागसेन, ती आणि त्यांची पोरगी थिएटरात अंधार झाल्यावर आत आले आणि मी त्यांना सुमनबाईच्या मागच्या खुर्च्यांवर बसवलं. अशी छोटी गर्दी मी कधी पुरवली नव्हती.

सुमनबाईनं मागं वळून बघितलं नाही. भाऊसाहेब शेजारीच होते. पण तिचा हात दोन खुर्च्यांमधल्या फटीतून मागं गेला, आणि नातीचा पाय तिच्या हाताला लागला. सिनेमाभर तिनं तो धरून ठेवला होता. पोरगी शहाणी, रडली नाही, पाय ओढला नाही.

घर दिसलं तेव्हा गावानं शिट्ट्या मारल्या. दार लागलं तेव्हा शिट्ट्या थांबल्या. माझा हात पडद्यावर केवढा मोठा दिसत होता. आणि पोरगा मार खाऊन पडला तेव्हा भाऊसाहेब उपरण्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडले. खोटं सांगत नाही. मी रडणारी गर्दी आयुष्यभर पुरवली आहे, खरं रडणं मला कळतं.

खेळ सुटल्यावर ते पार्किंगमध्ये मला भेटले. डोळे लाल. म्हणाले, “बाई, पिच्चर लई चांगला. पण शेवट पटला नाय. किती झालं तरी पोटची पोर. घरात घ्यायला पायजे व्हतं तिला.”

माझी जीभ फार दिवस आवरलेली होती. मी म्हटलं, “भाऊसाहेब, ती तिथं उभी आहे.”

त्यांनी बघितलं. वैशाली स्कूटरजवळ उभी होती, कडेवर पोरगी, शेजारी नागसेन. तिनं वाकून नमस्कारही करून टाकला, तेवढ्या लांबून. भाऊसाहेबांचे डोळे पुसायचे राहिलेले होते. ते त्यांनी पुसले, उपरणं झटकलं आणि म्हणाले, “पिच्चरची गोष्ट येगळी आस्ती बाई.” आणि जीपमध्ये जाऊन बसले. दोन्ही जीपांमधलं गाव समोर बघत बसलेलं.

सुमनबाई जीपमध्ये चढलेली होती. ती उतरली. सावकाश, गुडघ्याला हात लावून. खिडकीपाशी जाऊन नवऱ्याला म्हणाली, “अवो, शेवट पटला नाय म्हनलात ना तुमी? मंग घरी जाऊन कडी काढून ठिवा. सांच्याला आमी येतो, चौघं.”

“आन् नाय काढली तर?”

“तर ओट्यावर बसन. गावाला बघू द्या.”

जीपा गेल्या. वैशालीच्या खोलीवर आम्ही जेवलो. नागसेन सारखा पाणी वाढायचा. सलीमभाईच्या गाडीतून संध्याकाळी निघालो. मी जायचं काही कारण नव्हतं, पण सुमनबाईनं माझा हात सोडला नाही. वाटेत ती म्हणाली, “ताई, न्हाई काढायचे वो ते. मी वळखते त्यान्ला.” मलाही तसंच वाटत होतं.

गावात शिरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. शेजारपाजारच्या बाया कामं सोडून उभ्या. गाडी घरासमोर थांबली. दाराची दोन्ही पानं भिंतीला टेकेपर्यंत उघडी होती. ओट्यावरचा दिवा लावलेला होता. आत कुणी नव्हतं. ना ओट्यावर, ना माजघरात, ना परसात.

शेजारीण म्हणाली, “भाऊसाब मळ्यात गेलेत. मोटर चालू करायला.”

त्या आठवड्यात शेतीला लाईट दिवसा होती. संध्याकाळी मळ्यात मोटर चालू करायला फक्त तोंड लपवणारा माणूस जातो. इतक्या वर्षांनी गावादेखत दार उघडं टाकण्याइतकी हिंमत भाऊसाहेबांनी गोळा केली होती, पण त्या दारात उभं राहण्याइतकी काही शिल्लक राहिली नव्हती. वैशाली पायरीवर थबकली. तिला रडू फुटलं. म्हणाली, “आई, आबांनी तोंडसुद्धा बघितलं नाय माझं.”

सुमनबाईनं नातीला कडेवर घेतलं, मला आणि नागसेनला हातानं आत चला म्हणून खुणावलं आणि चुलीकडं निघाली.

“आसू दे,” ती म्हणाली. “भूक लागली की येतेत.”